कायद्याचे संशोधन आणि लेखन : कोकणातल्या विधी विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडात कायदा शिकणाऱ्यांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे दुसरे-तिसरे वर्ष, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची शेवटची दोन वर्षे आणि एलएलएम, एवढे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे दिली आहेत. उदाहरणे मुद्दाम इथल्या दाव्यांसारखी घेतली आहेत, पण ती बनवलेली आहेत.

‘प्रगत’ संशोधन म्हणजे पहिल्या वर्षापेक्षा वेगळे काय?

पहिल्या वर्षी प्रश्न पुस्तकातून येतो आणि उत्तर त्याच प्रकरणात सापडते. पुढे पक्षकार येतो तो प्रश्न घेऊन नाही, गाऱ्हाणे घेऊन येतो. त्या गाऱ्हाण्यातून कायद्याचा प्रश्न काढायचा, तो कोणत्या कायद्यात बसतो ते ठरवायचे, मिळालेले उत्तर आजच्या तारखेला टिकते का ते तपासायचे आणि ते दुसऱ्याला वापरता येईल असे लिहून द्यायचे. या चार कामांपैकी तिसऱ्यात सर्वांत जास्त मुले पडतात. निवाडा सापडतो, पण तो उलटलेला असतो. कलम सापडते, पण ते रद्द झालेले असते.

सुरुवात कुठून करायची?

कागदापासून. संगणक नंतर.

एक उदाहरण घेऊ. एकाची कलमांची बाग डांबरी रस्त्यापासून आत आहे. (कोकणात कलम म्हटले की आधी हापूस आठवतो, कायद्याचे कलम नंतर.) बागेत जायची वाट शेजाऱ्याच्या जमिनीतून जाते. शेजाऱ्याने ऐन मे महिन्यात चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) घालून वाट बंद केली. विद्यार्थी शोधपेटीत ‘वाटेचा हक्क’ टाकतो, पहिले तीन निवाडे उतरवून घेतो आणि मेमो (सिनियर वकिलासाठीचे संशोधन-टिपण) लिहायला बसतो. तो मेमो हमखास चुकतो, कारण एकाच ‘वाट’ शब्दामागे निदान तीन वेगळे कायदे उभे आहेत.

पहिला, मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. आधीपासून वापरात असलेली वाट कोणी अडवली तर कलम ५ खाली मामलेदाराकडे दाद मागता येते. पण वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मे महिन्यातला गडगा असेल तर नोव्हेंबरात हे दार बंद होते. गणपती झाल्यावर बघू, दिवाळी झाल्यावर बघू असे करणाऱ्यांचे नेमके इथेच बिनसते.

दुसरा, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३. शेतात जायला रस्ताच नसेल तर तहसीलदार दुसऱ्यांच्या भूमापन क्रमांकांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, वाट देऊ शकतो. इथे नवी वाट मागायची असते. जुनी वाट मोकळी करून मागणारा अर्ज या कलमाखाली केला की पुढे सगळा घोळ होतो, आणि असे अर्ज पुष्कळ होतात.

तिसरा, भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२. कलम १३ गरजेच्या वाटेचे: बाग आणि मधली जमीन पूर्वी एकाच मालकाची होती आणि ती वेगळी होताना वाट अपरिहार्य ठरली, असे दाखवावे लागते. कलम १५ दीर्घ वापराचे: शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे; जमीन सरकारी असेल तर ३० वर्षे. शिवाय हा कालावधी दावा दाखल होण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असावा लागतो. हे शेवटचे वाक्य वाचायचेच राहून जाते. १९७० ते १९९५ अशी २५ वर्षे वाट वापरली आणि मग सोडून दिली, तर आज दावा आणून उपयोग नाही. या हक्काची दाद दिवाणी न्यायालयात, विशिष्ट दिलासा अधिनियम, १९६३ च्या कलम ३८ आणि ३९ खाली मनाईहुकूम मागून.

म्हणून पक्षकाराला विचारायचे प्रश्न या कलमांतूनच निघतात. वाट कधीपासून? पायवाट की गाडीवाट? रुंदी किती? पूर्वी कोणी अडवली होती का, अडवली तर तुम्ही वर्षभर गप्प बसलात का? (कलम १५ च्या स्पष्टीकरणानुसार अडथळ्याची जाणीव झाल्यावर तो वर्षभर सहन केला, तरच तो ‘खंड’ ठरतो.) दोन्ही जमिनी कधी एका कुटुंबाच्या होत्या का? गडगा कोणत्या तारखेला घातला? ही उत्तरे एका पानावर उतरल्याशिवाय शोध सुरू करू नये.

त्यानंतरचा क्रम असा: आधी कायद्याचे मूळ कलम, स्पष्टीकरण आणि परंतुकासह, मग त्याखालचे नियम, मग एखादा मान्यवर टीकाग्रंथ, आणि शेवटी निवाडे. बहुतेकजण उलट्या टोकाने चालतात आणि तीन दिवसांनी कळते की कलमच दुसरे होते.

पैसे भरून घ्यायचे डेटाबेस आमच्या महाविद्यालयात नाहीत. अडते का?

थोडे अडते, पण काम थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे अहवालबद्ध निवाडे ई-एससीआरवर मोफत आहेत. उच्च न्यायालयांचे निवाडे ई-कोर्टच्या निवाडा-शोध संकेतस्थळावर आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतात. इंडियन कानून शोधायला सगळ्यांत सोपे. केंद्राचे आणि राज्याचे कायदे इंडिया कोडवर असतात, अधिसूचना ई-राजपत्रात.

एससीसी ऑनलाइन किंवा मनुपत्राचा खरा फायदा निवाडे मिळण्यात नाही. नंतरच्या न्यायालयांनी त्या निवाड्याचे काय केले, हे ते दाखवतात. ही सोय नसेल तर तेच काम हाताने करावे लागते. कसे ते पुढे आहे. जिल्हा न्यायालयातल्या वकील संघाच्या ग्रंथालयात बऱ्याचदा बॉम्बे लॉ रिपोर्टरचे जुने खंड सापडतात. तो १८९९ पासून निघतो, आणि खोती-कुळांच्या जुन्या वादांसाठी असे खंड आजही चाळावे लागतात.

पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जाते. लागणारे कायदे आणि निवाडे आधीच उतरवून, फाइलला पक्षकारांची नावे आणि वर्ष देऊन ठेवा. ‘डाउनलोड (१७)’ या नावाची फाइल आयत्या वेळी सापडत नाही.

शोधल्यावर ढिगाने निवाडे येतात. त्यातले कोणते घ्यायचे?

शोधशब्द कलमाच्या भाषेतले वापरा. ‘वाट बंद’ याचे इंग्रजी भाषांतर टाकण्यापेक्षा कायद्याचे नाव, कलमाचा आकडा आणि कलमातलाच एखादा नेमका वाक्यांश अवतरणचिन्हांत टाका. मग न्यायालयाने गाळा: आधी सर्वोच्च, मग मुंबई. मग सर्वांत नवा निवाडा उघडा आणि त्यात ज्यांचा हवाला दिला आहे ते मागे मागे तपासत जा. चार-पाच नव्या निवाड्यांनी एकच जुना निवाडा उचललेला दिसला की मूळ सापडले असे समजा.

आणि शोधवही ठेवा. तारीख, कुठे शोधले, कोणते शब्द टाकले, काय मिळाले, काय टाकून दिले आणि का, एवढे पाच रकाने पुरेत. काहीच सापडले नाही हीसुद्धा नोंद आहे. नाहीतर आठवड्याने तोच शोध पुन्हा होतो.

निवाडा आज लागू आहे की उलटला आहे, हे कसे ओळखायचे?

या एका प्रश्नावर सगळे संशोधन तोलले जाते, म्हणून थोडे सविस्तर.

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपात मुलीचा हिस्सा हा नेहमीचा विषय. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम ६ केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून बदलले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती प्रकरणात म्हटले की त्या दिवशी वडील आणि मुलगी दोघेही हयात असायला हवेत. २०१८ मध्ये दानम्मा प्रकरणात वडील २००१ सालीच वारलेले असूनही मुलींना हिस्सा दिला गेला. दोन्ही खंडपीठे दोन न्यायमूर्तींची. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा प्रकरणात निकाल दिला: मुलीचा सहदायिकीतला, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतला, हक्क जन्माने मिळतो, वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही. फुलवती उलटला. दानम्माही काही अंशी उलटला, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. त्याचा निष्कर्ष मुलींच्या बाजूचा म्हणून तो बिनदिक्कत उद्धृत होतो.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला इथे आणखी एक पायरी आहे. राज्याने १९९४ मध्येच स्वतःची दुरुस्ती करून मुलींना हक्क दिला होता, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. त्यामुळे २००५ पूर्वीचा मुंबई उच्च न्यायालयाचा निवाडा हातात आला तर तो कोणत्या कलमाखाली दिला आहे, हे पाहिल्याशिवाय वापरू नये.

हाताने तपासायचे तर निवाड्याचे नाव शोधून त्यानंतरच्या काळातले, त्याचा उल्लेख करणारे निवाडे तारखेने उतरत्या क्रमाने लावा. ‘उलटवला’, ‘वेगळा ठरवला’, ‘मोठ्या पीठाकडे पाठवला’ या अर्थाचे इंग्रजी शब्द त्यांत शोधा. मग ते कलमच नंतर दुरुस्त झाले आहे का ते पाहा. शेवटी निवाड्यावर अपील झाले होते का ते तपासा. उच्च न्यायालयाचा देखणा निवाडा सर्वोच्च न्यायालयात केव्हाच फिरलेला असतो. तिन्ही गोष्टींना मिळून एका निवाड्यामागे अर्धा तास धरा.

कोणाचा निकाल कोणावर बंधनकारक? आता कोल्हापूरचे पीठ आल्यावर काय बदलले?

संविधानाच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सगळ्यांवर बंधनकारक. त्याखाली मुंबई उच्च न्यायालय. कोल्हापूरचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणे तिकडे गेली, रायगडची मुंबईलाच राहिली. पण न्यायालय एकच आहे. नागपूरच्या एकल न्यायमूर्तींचा निवाडा आणि मुंबईच्या एकल न्यायमूर्तींचा निवाडा यांचे वजन सारखेच. ठिकाणावरून ते वाढत नाही, पीठाच्या संख्येवरून वाढते. समान संख्येच्या दोन पीठांत मतभेद दिसला तर सोयीचा एक निवडून दुसरा लपवायचा नाही. दोन्ही लिहायचे आणि विषय मोठ्या पीठाकडे गेला आहे का ते सांगायचे.

सावंतवाडी-दोडामार्गकडच्या मुलांसाठी वेगळी सूचना. गोव्याचे पीठही याच उच्च न्यायालयाचे आहे, पण तिथे पोर्तुगीज काळापासून आलेला नागरी कायदा कुटुंबाच्या मालमत्तेला लागतो. गोव्यातल्या वारसाहक्काचा निवाडा केवळ ‘मुंबई उच्च न्यायालय’ असे वर लिहिले आहे म्हणून सिंधुदुर्गातल्या वाटपाला लावता येत नाही.

नव्या फौजदारी कायद्यांमुळे जुने निवाडे वाया गेले का?

नाही, पण आकडे फसवतात. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. अंगभूत अधिकार आता ५२८ मध्ये आहेत आणि अटकपूर्व जामिनाचे जुने कलम ४३८ होते. नुसता आकडा टाकून शोधले की एफआयआर रद्द करण्याचे निवाडे जामीन अर्जात येऊन बसतात. म्हणून शोधताना आणि लिहिताना कलमाआधी कायद्याचे नाव लिहायची सवय लावा.

१ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, हेही विसरू नका. तिथे खुनाला ३०२, नव्या संहितेत १०३. जुना निवाडा नव्या कलमाला लावायचा असेल तर दोन्ही कलमांचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून बघा. मजकूर तोच असेल तर निवाडा चालतो. शब्द बदलला असेल तर तो बदल मेमोत सांगा.

राज्य दुरुस्ती कुठे बघायची?

केंद्राच्या कायद्याची साधी प्रत वापरली की ही चूक होते. ठळक उदाहरण दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९-अ. हे फक्त महाराष्ट्रात होते: अंतरिम मनाईच्या टप्प्यावर अधिकारकक्षेचा आक्षेप आला की तो प्राथमिक मुद्दा म्हणून आधी ठरवायचा. राज्याने ते २०१८ मध्ये काढून टाकले. म्हणजे दिल्लीत छापलेल्या पुस्तकात ते सापडणार नाही, आणि मुंबईच्या जुन्या निवाड्यांत मात्र पानोपानी दिसणार. शिवाय उच्च न्यायालयाने संहितेच्या आदेश-नियमांतही दुरुस्त्या केल्या आहेत. पुस्तक घेताना महाराष्ट्राची दुरुस्ती असलेलीच आवृत्ती घ्या आणि आवृत्तीचे वर्ष शोधवहीत लिहा.

सातबारा वाचणे हे कायद्याच्या संशोधनात येते का?

कोकणात तर आधी तेच येते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव असेल तर प्रकरणाची दिशाच बदलते. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ प्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कूळ कायद्याने मालक झाले असे मानले जाते, किंमत कलम ३२-ग खाली ठरते आणि प्रमाणपत्र ३२-म खाली मिळते. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने ‘मी कूळ आहे’ असे म्हटले तर तो मुद्दा दिवाणी न्यायालय स्वतः ठरवू शकत नाही. कलम ८५ त्याला मनाई करते आणि ८५-अ प्रमाणे मुद्दा महसूल अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो. हे आधी न पाहता दावा लिहिला तर पुढची काही वर्षे नुसती वाट बघण्यात जातात.

प्रत्येक फेरफार क्रमांक मागे मागे नेऊन पाहा: नोंद वारसाची, खरेदीची, वाटपाची की कुळाची, मंजूर झाली की नामंजूर. महाभूलेखावर फुकट दिसणारा सातबारा माहितीपुरता असतो, न्यायालयासाठी डिजिटल सहीचा किंवा तलाठ्याच्या सहीचा काढा.

आणि इथे एक पेच आहे, तो लेखी परीक्षेतही विचारण्यासारखा आहे. महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते की अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. सर्वोच्च न्यायालयाने सवर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) मध्ये म्हटले की महसुली नोंदीने मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही. कच्चा विद्यार्थी आपल्या बाजूचे एकच वाक्य उचलतो. दोन्ही एकत्र लिहायचे असेल तर असे: गृहीतक नोंदीच्या खरेपणाचे आहे, ते पुराव्याने खोडता येते, मालकी सिद्ध करायला खरेदीखत, वारसा किंवा हुकूमनामाच दाखवावा लागतो.

एक निवाडा कसा वाचायचा? सगळा वाचावा लागतो का?

उद्धृत करणार असाल तर सगळा. हेडनोट, म्हणजे वर छापलेला सारांश, निवाड्याचा भाग नसते, ती संपादकाने लिहिलेली असते. आधी वस्तुस्थिती, मग न्यायालयापुढचा नेमका प्रश्न, मग निकाल. निकालाला ज्या कारणाची गरज होती तेवढाच रेशो, बाकी ऑबिटर. परीक्षा सोपी आहे: ते वाक्य काढून टाकले तर निकाल बदलतो का? बदलत नसेल तर ते ऑबिटर.

सर्वांत सर्रास होणारी गफलत म्हणजे पक्षकाराचा युक्तिवाद न्यायालयाचे मत म्हणून उतरवणे. ‘विद्वान वकिलांनी असे प्रतिपादन केले’ हे वाक्य दोन परिच्छेद वर राहते आणि खालचा झणझणीत मजकूर तेवढा मेमोत येतो. मग भर कोर्टात समोरचा वकील तो परिच्छेद वरपासून वाचून दाखवतो.

मेमोची मांडणी कशी?

प्रश्न, थोडक्यात उत्तर, वस्तुस्थिती, चर्चा, पुढे काय करायचे. ‘थोडक्यात उत्तर’ तीन ओळींचे असावे आणि त्यात ‘बहुधा हो’, ‘बहुधा नाही’ असा कल सांगितलेला असावा. वरच्या वाटेच्या प्रकरणात ते असे होईल: ‘गडगा घातल्याला सहा महिने झालेले नाहीत, म्हणून मामलेदाराकडे दाद मागणे हा सर्वांत जलद मार्ग. २० वर्षांच्या वापराचा पुरावा पुरेसा असल्यास दिवाणी दावाही टिकेल. गरजेच्या वाटेचा आधार मात्र घेऊ नये, कारण दोन्ही जमिनी एका मालकाच्या होत्या असे कागदांवरून दिसत नाही.’

विरोधी निवाडे चर्चेत आलेच पाहिजेत. सिनियर मेमो मागतो तो समोरचा काय म्हणेल हे कळावे म्हणून. पाच ते आठ पाने पुरेत. वीस पानांचा मेमो कोणी वाचत नाही, चाळतात.

लिहायचे मराठीत की इंग्रजीत?

दोन्हींत, आणि दोन्ही सारख्याच काळजीने. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेपासून मराठी आहे. उच्च न्यायालयाची अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी. म्हणजे इथल्या वकिलाचा दावा मराठीत जन्मतो आणि रिट याचिकेत इंग्रजी होतो. मधल्या भाषांतरात घोटाळे होतात. ‘वहिवाट’ हाच शब्द घ्या. खरेदीखतात ‘कब्जेवहिवाट’ म्हणजे ताबा. साक्षीदार ‘आमची वहिवाट इथून आहे’ म्हणतो तेव्हा त्याला येण्याजाण्याचा वापर म्हणायचा असतो. दोन्हीकडे एकच इंग्रजी शब्द टाकला तर वाटेच्या दाव्याचा ताब्याचा दावा होतो. शंका आली की भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश बघा.

आता मराठी लेखन. विद्यार्थी दाव्यात साधारण असे लिहितात:

‘सदर प्रतिवादी हा अत्यंत आडदांड व खुनशी प्रवृत्तीचा इसम असून त्याने वादीस हैराण करण्याच्या दुष्ट हेतूने वादीची पूर्वापार वाट बेकायदेशीररीत्या बंद केलेली आहे, जे की कायद्याने चुकीचे आहे.’

यात राग भरपूर, माहिती एवढीच की वाट बंद आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ६ नियम २ सांगतो की प्लीडिंगमध्ये, म्हणजे दाव्यात आणि कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात), महत्त्वाची वस्तुस्थिती लिहा, पुरावा नको. आदेश ७ नियम ३ सांगतो की स्थावराचे वर्णन ओळखता येईल असे द्या. म्हणून:

‘वादीच्या बागेत जाण्यासाठी प्रतिवादीच्या जमिनीत पश्चिम बांधालगत उत्तर-दक्षिण अशी ६ फूट रुंदीची गाडीवाट आहे. वादी व त्यापूर्वी वादीचे वडील ही वाट १९९५ पासून उघडपणे, शांततेने, हक्काने व खंड न पडता वापरत आले आहेत. दि. १२ मे २०२५ रोजी प्रतिवादीने या वाटेच्या उत्तर टोकास ४ फूट उंचीचा चिऱ्याचा गडगा घातला. तेव्हापासून बागेत टेम्पो नेता येत नाही. सोबतच्या कच्च्या नकाशात वाट अ-ब-क-ड अक्षरांनी व गडगा तांबड्या रेषेने दाखवला आहे.’

दुसऱ्या वाक्यात कलम १५ च्या अटी एकेक करून आल्या आहेत. ‘गाडीवाट’ हा शब्दही सहज पडलेला नाही. सुविधाधिकार अधिनियमाचे कलम २८ म्हणते की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही. दाव्यात ‘पायवाट’ लिहून साक्षीत टेम्पो आणला तर उलटतपासात तो टेम्पो तिथेच अडकतो. आणि पक्षकाराने खरोखर फक्त पायवाटच वापरली असेल तर ‘गाडीवाट’ लिहायचे नाही; सत्यापनावर सही त्याची असते.

सायटेशन कसे द्यायचे?

सायटेशन म्हणजे निवाडा कुठे छापला आहे याचा संदर्भ. महाविद्यालय, स्पर्धा किंवा नियतकालिक जी पद्धत सांगेल ती, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच. विनीता शर्मा (२०२०) ९ एससीसी १ असे लिहिले की वर्ष, खंड, अहवाल, पान हा क्रम कळतो. २०२३ पासून तटस्थ सायटेशनही मिळते. ते कोणत्याही प्रकाशकावर अवलंबून नसते, म्हणून जोडीला द्यावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या तटस्थ सायटेशनमध्ये वर्ष, न्यायालयाचे संक्षिप्त रूप, अपील शाखा की मूळ शाखा की दुसरे पीठ हे दाखवणारी अक्षरे आणि मग क्रमांक येतो.

परिच्छेद क्रमांक सांभाळा. एकाच निवाड्याचे परिच्छेद वेगवेगळ्या अहवालांत वेगळे पडू शकतात. ज्या प्रतीतून उतारा घेतला त्याच प्रतीचा क्रमांक द्या, आणि दुसऱ्याच्या पुस्तकातून सायटेशन उचलले असेल तर मूळ उघडून बघितल्याशिवाय आपले म्हणून देऊ नका.

एआयला विचारून निवाडे मागितले तर?

तो नसलेले निवाडेही देतो, नावगाव-वर्षासकट. न्यूयॉर्कमध्ये माता विरुद्ध एव्हियान्का या प्रकरणात वकिलांनी असे बनावट निवाडे न्यायालयात दिले आणि २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. शोधशब्द सुचवायला, लांबलेले वाक्य आटोपशीर करायला त्याचा उपयोग करा. निवाडा मात्र मूळ संकेतस्थळावर स्वतः उघडून वाचलेला असेल तरच लिहा. पक्षकाराची कागदपत्रे त्यात चिकटवू नका. गोपनीयतेचे बंधन इंटर्नलाही आहे.

एलएलएमच्या प्रबंधाला इथला विषय कोणता घ्यावा?

किनारा विषयांनी भरलेला आहे, अडचण विषय अरुंद करण्याची आहे. ‘सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) आणि पर्यावरण’ हा विषय नव्हे, ग्रंथालयाचे कपाट झाले. १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन अधिसूचना आहेत. त्यापैकी २०११ आणि २०१९ मधल्या ना-विकास पट्ट्याच्या तरतुदी घेऊन एका तालुक्यातल्या परवानग्यांवर त्यांचा काय परिणाम झाला, एवढे पुरे. सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ मध्ये २०२१ च्या दुरुस्तीने दंडाचे निवाडे महसूल खात्याकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले. त्या आदेशांचा अभ्यास चांगला होईल. हापूसचे भौगोलिक मानांकन २०१८ चे आहे आणि पाच जिल्ह्यांना लागू आहे. बाजारात ते कसे राबवले जाते हा तिसरा.

माहिती अधिकारात कागद मागवणार असाल तर महाराष्ट्राचे नियम लक्षात ठेवा: एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांपर्यंत, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर न आल्यास पहिल्या अपिलाचा वेळ धरून प्रबंधाच्या तारखेआधी किमान चार महिने अर्ज टाका.

उसनवारीची मर्यादा किती?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांप्रमाणे दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. त्यावर ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो, त्यापुढे शिक्षा वाढत जाते. अवतरणचिन्हांत आणि स्रोतासह दिलेला मजकूर त्यात धरत नाहीत. कायद्यात अडचण येते ती निवाड्यातला परिच्छेद अवतरणाशिवाय आपल्या वाक्यात मिसळल्याने. शब्द न्यायमूर्तींचे असतील तर अवतरणचिन्ह टाका, भाव घेतला असेल तर तळटीप द्या.

ड्राफ्टिंगच्या वहीतले पंधरा आणि पंधरा मसुदे खरेच शिकवतात का?

बार कौन्सिलच्या नियमांत प्लीडिंगचे १५ आणि कन्व्हेयन्सिंगचे (खरेदीखतासारखे दस्त लिहिण्याचे) १५ सराव आहेत, प्रत्येक गटाला ४५ गुण आणि तोंडी परीक्षेला १०. मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवले तर काहीच शिकवत नाहीत. एकच वस्तुस्थिती घेऊन तिच्यावर दावा, मनाई अर्ज, कैफियत, कोर्ट कमिशनचा अर्ज आणि तडजोड पुरसिस (तडजोड झाल्याचे न्यायालयाला लेखी कळवणे) असे पाच मसुदे करा. आपणच लिहिलेल्या दाव्याला आपणच कैफियत दिली की दाव्यात काय राहिले होते ते दिसते. कोर्ट निरीक्षणाच्या नोंदींतही तेच: साक्ष ऐकण्याआधी त्या दाव्यातले मुद्दे बघून घ्या, नाहीतर उलटतपासातले निम्मे प्रश्न का विचारले ते कळत नाही.

एका मेमोला किती वेळ धरावा?

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला साधारण १५ तास. त्यातले दोन वस्तुस्थिती आणि कागद वाचायला, सहा शोधायला, दोन निवाडे आज टिकतात का ते तपासायला, तीन लिहायला, दोन दुरुस्तीला. मसुदा झाल्यावर एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी छापील प्रतीवर लाल पेनाने वाचा. देण्याच्या दिवशी, छापण्याआधी, प्रत्येक निवाड्याचे नाव पुन्हा एकदा शोधून बघा. दरम्यान एखादा नवा निकाल आलेला असू शकतो.